आग विझली, तरी विमान का सुटत नाही?

विमानाला जमिनीवर आग लागली की पुढे काय घडते आणि सगळा विमानतळ तासन्‌तास का रखडतो, या विषयावर वाचकांनी पाठवलेले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर इथिओपियन एअरलाइन्सचे रिकामे बोइंग ७८७ उभ्या जागी पेटले. ते धावपट्टीवर नव्हते, तरी दोन्ही धावपट्ट्या बंद केल्या. एका कोपऱ्यातल्या विमानासाठी एवढा मोठा विमानतळ थांबवायची काय गरज होती? (हॅरो, लंडन)

गरज होती. धावपट्ट्या मोकळ्या होत्या, पण बंब मोकळे नव्हते.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिच्या नियमांच्या चौदाव्या परिशिष्टात प्रत्येक विमानतळाची १ ते १० यांपैकी एक अग्निशमन श्रेणी ठरवलेली असते. तिथे येणाऱ्या विमानांची लांबी आणि मुख्य सांगाड्याची रुंदी यांवरून ती ठरते. एअरबस ए३२० सुमारे ३७.६ मीटर लांब, म्हणून त्याला सहावी श्रेणी लागते. ए३२१ साडेचव्वेचाळीस मीटरचे, म्हणून सातवी. बोइंग ७७७-३०० ईआर ७४ मीटरच्या आसपास, म्हणून नववी. ए३८० लांबीने नवव्या श्रेणीतच बसले असते, पण त्या श्रेणीत सांगाड्याची रुंदी जास्तीत जास्त ७ मीटर चालते आणि ए३८०ची ती थोडी जास्त भरते. तेवढ्यावरून त्याला दहावी श्रेणी लागते.

श्रेणीप्रमाणे बंबांची संख्या आणि पाणी ठरते. नेहमीच्या ‘ब’ दर्जाच्या फोमसाठी, म्हणजे आगीवर मारायच्या फेसासाठी, सहाव्या श्रेणीला २ बंब आणि ७,९०० लिटर पाणी, सातवीला २ बंब आणि १२,१०० लिटर, नववीला ३ बंब आणि २४,३०० लिटर, दहावीला ३ बंब आणि ३२,३०० लिटर, अशी किमान मर्यादा आहे. दहाव्या श्रेणीत फोमचा मारा मिनिटाला ११,२०० लिटर झाला पाहिजे. भागाकार करून पाहा: पूर्ण जोराने फवारले तर सगळे पाणी तीन मिनिटांच्या आत संपते. ही त्रुटी नाही, हिशेबच तसा आहे. पहिल्या मिनिटात आगीचा जोर मोडायचा आणि माणसे बाहेर पडेपर्यंत त्यांची वाट थंड ठेवायची, यासाठी हे पाणी असते. पुढचे काम हायड्रंट आणि शहरातून येणारे बंब करतात.

वेळेचा नियमही तितकाच कडक आहे. वापरात असलेल्या धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला पहिला बंब ३ मिनिटांच्या आत पोहोचून निम्म्या दराने तरी फोम सोडू लागला पाहिजे. उद्दिष्ट २ मिनिटांचे असते.

आता हीथ्रोचा प्रसंग पाहा. आग विमानाच्या छतात दडलेली होती. बंब विमानाभोवती, जवान आत, श्वसनयंत्रांचे सिलिंडर वापरात. अशा वेळी उतरणाऱ्या एखाद्या विमानाचे चाक फुटून आग लागली असती तर तिथे धावायला कोण उरले होते? म्हणून सुमारे दीड तास येणारी-जाणारी वाहतूक थांबवली. बंब कमी पडले तर श्रेणी उतरवून लहान विमाने चालू ठेवता येतात, आणि बऱ्याच ठिकाणी वैमानिकांसाठी तशी सूचना काढून ती ठेवतातही. पण हाताशी संरक्षणच नसेल, तर उतरवायला श्रेणीच उरत नाही.

आग विझल्याबरोबर विमानतळ उघडत नाही, याचे कारणही हेच. बंबांच्या टाक्या पुन्हा भरायच्या, फोमचे द्रावण भरायचे, सिलिंडर बदलायचे, गाड्या ठाण्यावर जागेवर आणायच्या. मग अग्निशमन प्रमुख नियंत्रण मनोऱ्याला श्रेणी पूर्ववत झाल्याचे कळवतो. तोपर्यंत खिडकीतून धूर दिसत नसला तरी विमानतळ बंदच असतो.

त्या विमानात कोणी नव्हते, वीजही बंद होती. मग पेटले कशाने? त्याच वर्षी ७८७च्या बॅटऱ्यांचा गाजावाजा झाला होता, तेच हे का? (ठाणे)

नाही. ही दोन प्रकरणे नेहमी एकत्र सांगितली जातात, म्हणून आधी ती वेगळी करू. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टनला उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ मधील लिथियम-आयन बॅटरी पेटली. ती शेपटीतले छोटे सहायक इंजिन, म्हणजे एपीयू, सुरू करण्यासाठी होती. नंतर जपानमध्येही एका ७८७च्या मुख्य बॅटरीतून धूर आला आणि जगभरची ही विमाने काही महिने जमिनीवर बसली.

हीथ्रोला पेटले ते आणीबाणीचे दिशासूचक यंत्र. विमान कोसळले तर उपग्रहांना आपला ठावठिकाणा कळवणारे हे केशरी रंगाचे खोके. विमानाची वीज गेली तरी ते चालले पाहिजे, म्हणून त्याला स्वतःची बॅटरी असते. विमान पूर्ण बंद करून ठेवले तरी ही बॅटरी जिवंतच राहते. ती लिथियम-मँगनीज डायऑक्साइड प्रकारची, पुन्हा चार्ज न होणारी, पाच सेलची होती. ब्रिटनच्या विमान अपघात तपास विभागाचा अंतिम अहवाल ऑगस्ट २०१५ मध्ये आला. झाकण बसवताना बॅटरीच्या वायरी एकमेकींवरून जाऊन झाकणाखाली चेंगरल्या होत्या. तिथे शॉर्ट सर्किट झाले, एक सेल बेसुमार तापला आणि त्याच्या उष्णतेने शेजारचे सेल एकामागोमाग एक पेटत गेले.

यंत्र बसवलेले होते मागच्या भागात, छताच्या आतल्या पत्र्यांच्या वर, विमानाच्या कवचाला लागून. ७८७चे कवच कार्बन तंतू आणि राळ यांचे असते. सेलमधून बाहेर पडलेल्या ज्वाळांनी राळ आणि उष्णतारोधक गाद्या तापल्या आणि आग आत धुमसत पसरली. बाहेर ज्वाळा नाहीत, फक्त धूर. जवान आत शिरले. हातातल्या हॅलन सिलिंडरचा उपयोग झाला नाही, कारण हॅलन हा आग विझवणारा वायू बंदिस्त जागेत आगीपर्यंत पोहोचला तरच काम करतो. छताचे पत्रे काढून जागा उघडी केल्यावर पाण्याच्या फवाऱ्याने आग आटोक्यात आली. दडलेल्या आगीत खरा वेळ जातो तो ती शोधण्यात.

या विमानाची पुढे दुरुस्ती झाली आणि ते पुन्हा उडू लागले.

टेकऑफ रद्द करून थांबलेल्या पेटत्या विमानाला वैमानिक धावपट्टीवरून बाजूला का घेत नाहीत? थोडे पुढे नेले असते तर बाकीची विमाने तरी अडली नसती. (औरंगाबाद)

पूर्वी अशी प्रथा होती. तिची किंमत २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला मोजावी लागली.

ब्रिटिश एअरटूर्सचे बोइंग ७३७-२०० उड्डाणासाठी धावत होते. डाव्या इंजिनाच्या ज्वलनकक्षाचा तुकडा उडून पंखाखालच्या इंधन टाकीच्या झाकणावर आदळला, झाकण फुटले आणि सांडणारे इंधन पेटले. कॉकपिटमध्ये आवाज ऐकून टायर फुटला किंवा पक्षी आदळला असा समज झाला. ब्रेक हळुवार लावले गेले आणि विमान धावपट्टी सोडून बाजूच्या जोडरस्त्यावर वळवून थांबवले गेले. त्या वळणामुळे वारा अशा दिशेने आला की ज्वाळा थेट सांगाड्यावर झुकल्या. वारा हलकाच होता. मागून धूर आत शिरला. १३७ जणांपैकी ५५ जण गेले, बहुतेक जण धुराने गुदमरून.

त्यानंतर शिकवण बदलली: आगीची शंका असेल तर धावपट्टीवरच, सरळ थांबा. वाऱ्याची दिशा लक्षात घ्या आणि जळती बाजू वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील असे पाहा. धावपट्टीवर थांबलेल्या विमानाकडे बंब दोन्ही बाजूंनी येऊ शकतात आणि घसरगुंड्या उघडायला सपाट जागा मिळते. पंखावरच्या आपत्कालीन दाराजवळच्या रांगेत जास्त जागा, जमिनीलगत रस्ता दाखवणारे दिवे, सहज न पेटणारी आसनांची गादी, या गोष्टी विमानांत सार्वत्रिक होण्यामागे मँचेस्टरचा मोठा वाटा आहे. धावपट्टी अडली तर अडू द्यावी. ती उद्या उघडते.

मग दारे ताबडतोब का उघडत नाहीत? हानेडाच्या अपघातात लोक बाहेर पडायला १८ मिनिटे लागली असे वाचले. विमान ९० सेकंदांत रिकामे व्हायला हवे ना? (नाशिक)

९० सेकंद ही विमानाला परवाना देतानाची चाचणी आहे. ४४ पेक्षा जास्त आसने असलेल्या विमानात, अंधारात, निम्मीच दारे वापरून सगळे जण एवढ्या वेळात बाहेर पडले पाहिजेत. ए३८०च्या २००६ मधील चाचणीत ८७३ जण ७८ सेकंदांत उतरले. पण चाचणीत बाहेर आग नसते आणि कोणतेही इंजिन फिरत नसते.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे ए३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या छोट्या विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. ए३५० मधील सर्व ३७९ जण वाचले. आठ दारांपैकी तीनच दारे वापरण्याजोगी होती, उद्‌घोषणा यंत्रणा बंद पडली होती म्हणून कर्मचाऱ्यांनी भोंगा आणि स्वतःचा आवाज वापरला, आणि एक इंजिन चालूच होते. कोणते दार उघडायचे नाही, हे ठरवण्यात त्यांनी जे कौशल्य दाखवले त्यावर सगळे अवलंबून होते.

दार उघडण्यापूर्वी कर्मचारी खिडकीतून तीन गोष्टी बघतात: त्या बाजूला आग आहे का, इंजिन फिरते आहे का, घसरगुंडी जमिनीला नीट टेकेल का. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी शिकागोला अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७६७चे उजवे इंजिन फुटून आग लागली. डावे इंजिन चालू असतानाच प्रवासी उतरू लागले. त्या इंजिनाच्या झोताने एक प्रवासी फेकला जाऊन गंभीर जखमी झाला. विमानात जखमी झालेल्यांत गंभीर असा तोच एक.

बॅग घेऊ नका, हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. कारणही ऐका: बॅगेच्या टोकाने घसरगुंडीचे कापड फाटले तर ते दार मागच्या सगळ्यांसाठी गेले. हातात काही असेल तर घसरताना तोल सावरता येत नाही, आणि खाली उतरणाऱ्याला मागचा आपटतो. पासपोर्ट खिशात ठेवावा, एवढी तयारी पुरे.

धावपट्टी दीड तास बंद होती, पण माझे विमान सात तास उशिरा निघाले. बाकीचे साडेपाच तास कुठे गेले? (मुलुंड, मुंबई)

मुंबईचेच उदाहरण घेऊ. मुख्य धावपट्टी ०९/२७ वर तासाला सुमारे ४६ विमाने उतरतात आणि उडतात, आणि दिवसाचा बराच काळ तेवढी सगळी क्षमता विकलेली असते. दीड तास बंद म्हणजे सुमारे ६९ विमाने खोळंबली. उघडल्यावर पुढच्या तासातही वेळापत्रकातली ४६ विमाने रांगेत आहेतच. मग अडकलेल्या ६९ ना जागा कोणत्या तासात द्यायची? मध्यरात्रीनंतर वर्दळ उतरते तेव्हाच ती फटीत बसतात.

त्यात आणखी गाठी पडतात. वर घिरट्या घालणाऱ्या विमानांकडे पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचे इंधन आणि त्यावर ३० मिनिटांचा अखेरचा राखीव साठा लागतो. त्याला हात लागण्याआधीच ती अहमदाबाद, सुरत, नागपूर किंवा हैदराबादला वळतात. तुमचे विमान तिथे गेले असेल तर ते इंधन भरून, नवा स्लॉट, म्हणजे उड्डाणाची नेमून दिलेली वेळ, मिळवून परत येईपर्यंत तुमचे उड्डाण नाही. इकडे निघू न शकलेली विमाने जागा अडवून बसतात, म्हणून उतरलेल्यांना लावायला बे मिळत नाही. आणि कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास मोजलेले असतात. ते संपले की वैमानिक विमान उडवू शकत नाही, प्रवासी आत बसलेले असले तरी. उशिराच्या सगळ्या कारणांत प्रवाशांना सर्वांत जास्त चीड याचीच येते. पण थकलेल्या माणसाच्या हाती विमान देऊ नये म्हणूनच हा नियम आहे.

मुंबईची आणखी एक अडचण म्हणजे तिच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते. मुख्य धावपट्टी गेली तर १४/३२ वापरता येते, पण ती २,८७१ मीटर लांबीची आणि तासाला सुमारे ३५ विमानांची. अपघात छेदाच्या जागी झाला तर दोन्ही गेल्या.

धावपट्टीवरच विमान अडकले असेल तर तासांचे दिवस होतात. जुलै २०१९ मध्ये पावसात घसरून मुख्य धावपट्टीच्या पलीकडे गेलेल्या विमानाने ती सुमारे चार दिवस अडवली. तिथे आग नव्हती, अडचण होती चिखलात रुतलेले विमान ओढण्याची. टाक्या रिकाम्या करायच्या, पंखाखाली हवेच्या मोठ्या गाद्या फुगवून विमान उचलायचे, खाली पोलादी पत्र्यांचा रस्ता करायचा, मग इंच इंच ओढायचे. हानेडाला बाकीच्या तीन धावपट्ट्या त्याच रात्री उघडल्या, पण अपघाताची सी धावपट्टी ८ जानेवारीला. ए३५० पूर्ण विझायला आठ तासांहून जास्त लागले होते. पुढे तपासाची मोजमापे, अवशेष उचलणे आणि पृष्ठभागाची तपासणी.

सफाईला एवढा वेळ का, असेही एका वाचकाने विचारले आहे. फोम घसरडा असतो, तो धुवावा लागतो. सांडलेले इंधन डांबर मऊ करते. आणि धातूचे तुकडे पुढच्या विमानाच्या इंजिनात जाऊ शकतात, म्हणून सगळी लांबी पायी आणि झाडणाऱ्या यंत्राने तपासतात. शिकागोच्या त्या इंजिनाच्या चकतीचा एक तुकडा सुमारे ८९५ मीटरवरच्या गोदामाचे छप्पर फोडून आत पडला होता. शोध किती लांबवर घ्यावा लागतो, हे त्यावरून कळेल.

इंजिन सुरू करताना मागून मोठी ज्वाळा निघाली. प्रवासी उठून ओरडू लागले, वैमानिक मात्र शांत. हा निष्काळजीपणा नव्हे का? (पणजी)

बहुधा ती टेलपाइपची आग होती, आणि वैमानिकांनी योग्य तेच केले.

इंजिन सुरू करताना इंधन आले पण वेळेवर पेटले नाही, किंवा जास्त आले, तर ते मागच्या नळकांड्यात साठते आणि नंतर एकदम पेटते. दिसायला भयानक, पण आग ज्या भागात आहे तो तापमान सहन करण्यासाठीच बनवलेला असतो. कॉकपिटमध्ये आगीची घंटा वाजत नाही, कारण आग ओळखणाऱ्या तारा इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला असतात, आतल्या वायुमार्गात नसतात. वैमानिकाला हे सांगतो खालचा अभियंता, नियंत्रण मनोरा किंवा केबिन कर्मचारी.

उपाय सोपा आहे: इंधन तोडायचे आणि स्टार्टरने इंजिन नुसते फिरवत ठेवायचे. वारा आतून वाहतो, साठलेले इंधन बाहेर फेकले जाते, आग विझते. इथे फायर स्विच ओढण्याचा मोह आवरावा लागतो. एअरबसमध्ये तो दाबला की इंजिनाच्या संगणकाची वीज जाते आणि इंजिन फिरवताच येत नाही. बाहेरून फोम किंवा पावडर मारणे हा शेवटचा मार्ग, कारण त्याने इंजिनाचे भाग गंजतात.

खरी इंजिन-आग वेगळी. ती इंजिनाच्या आवरणात लागते, घंटा वाजते, आणि तिथे मात्र फायर स्विच वापरायलाच हवा. त्याने इंधन, हायड्रॉलिक तेल आणि जनरेटर एकदम तुटतात. मग आग विझवणाऱ्या वायूचा पहिला सिलिंडर, ३० सेकंद वाट, आग कायम असेल तर दुसरा.

एपीयूची आग आणखी वेगळी. २२ जुलै २०२५ रोजी हाँगकाँगहून दिल्लीला आलेल्या एअर इंडियाच्या ए३२१ मध्ये प्रवासी उतरत असताना एपीयूला आग लागली. ते आपोआप बंद पडले, सगळे सुखरूप उतरले. जमिनीवर कॉकपिट रिकामे असू शकते, म्हणून या जातीच्या विमानांत जमिनीवर एपीयू स्वतःच बंद होते आणि आपला सिलिंडर स्वतःच सोडते. पुढच्या चाकाजवळ बाहेरूनही एक स्विच असतो.

अशा ज्वाळा पाहून कोणी स्वतःहून पंखावरचे दार उघडू नये. छोट्या आगीतून मोठी दुखापत तिथेच होते.

उतरल्यावर चाकांतून धूर येत होता. बंब आले, पण पाणी मारले नाही. का? (सोलापूर)

धूर म्हणजे आग नव्हे. जोरात ब्रेक लावल्यावर कार्बनच्या चकत्या तापतात आणि थांबल्यानंतरही काही मिनिटे चाकाचे तापमान चढतच राहते. चाकात वितळणारे प्लग असतात. रिम फार तापला की ते वितळून टायरमधला नायट्रोजन हळू सोडतात, नाहीतर टायर स्फोटासारखा फुटेल. फुटला तर तुकडे बाजूला उडतात. म्हणून चाकाकडे समोरून किंवा मागून जायचे, बाजूने कधीच नाही. लाल तापलेल्या धातूवर पाण्याचा जोरदार झोत मारला तर तो तडकू शकतो. ज्वाळा नसतील तर पंखे लावून थंड होऊ देतात. पुढचे उड्डाणही त्यामुळे लांबते: ए३२० मध्ये ब्रेकचे तापमान ३०० अंशांच्या खाली आल्याशिवाय टेकऑफ नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या छोट्या विमानतळावर मोठा बंब उभा असतो. गावात आग लागली तरी विमानाच्या वेळेला तो पाठवत नाहीत. हे माणुसकीला धरून आहे का? (कोल्हापूर जिल्हा)

प्रश्नातली कळकळ रास्त आहे. पण पहिल्या उत्तरातले गणित इथे लावा. एटीआर ७२ हे विमान सुमारे २७ मीटरचे, त्याला पाचवी श्रेणी लागते. त्यासाठी नियमाने एकच बंब पुरतो, ५,४०० लिटर पाण्याचा. तो गावात गेला की विमानतळाचे संरक्षण शून्यावर येते, आणि सत्तर प्रवाशांचे विमान वर असताना ते शून्यावर आणता येत नाही. विमान नसण्याच्या वेळेत मदतीला जाण्याची व्यवस्था स्थानिक प्रशासन आणि विमानतळ यांच्यात लेखी ठरवता येते, आणि ती ठरलेली असावीच. तुमच्या भागात तसा करार आहे का, हे नगरपालिकेच्या अग्निशमन विभागात विचारा. उलट बाजूही लक्षात ठेवा: विमानाला आग लागली तर तीन मिनिटांनंतर लागणारे पाणी गावाच्याच बंबांतून यायचे आहे.

पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नका असे आता सांगतात. बॅगेत बंद असताना ती काय करणार? (दुबई)

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत उभे असलेले एअर बुसानचे ए३२१ मागच्या कप्प्यातून पेटले. १७६ जण घसरगुंड्यांवरून उतरले, विमानाचे छत जळून गेले. तपासात पॉवर बँकेच्या आतले इन्सुलेशन निकामी झाल्याची शक्यता पुढे आली. कोरियाने १ मार्चपासून पॉवर बँक प्रवाशाने स्वतःजवळ ठेवण्याचा नियम केला. तुमच्याकडच्या एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच बंदी घातली.

बंद बॅगेतली पॉवर बँक चेंगरते, खाली पडून आत दबलेली असते, किंवा किल्लीसारख्या वस्तूने तिची टोके जोडली जातात. एक सेल तापला की शेजारचा तापतो. मांडीवर असेल तर पहिल्या मिनिटात कळते. कप्प्यात असेल तर कप्पा पेटल्यावर कळते.

विकत घेताना वॅट-तास पाहा. मिलिअँपिअर-तासांना ३.७ ने गुणून १,००० ने भागा. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तास, चालते. २७,००० ची जेमतेम शंभराच्या आत. १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते, १६०च्या वर बंदी. चेक-इन सामानात कोणतीच नाही. फुगलेली, वास येणारी किंवा क्षमता न छापलेली असेल तर घरीच ठेवा. आसनात फोन अडकला तर आसन मागेपुढे करू नका, तो चिरडून पेटतो. कर्मचाऱ्याला बोलवा. पेटलीच तर हॅलनने ज्वाळा दबतात, पण सेल थंड होत नाहीत. त्यासाठी पाणी, चहा, सरबत, जे हाताशी असेल ते ओतायचे. घोंगडीत गुंडाळायचे नाही.

दुसऱ्याच कंपनीचे विमान पेटले आणि आमचे रद्द झाले. भरपाई मिळते का? (पुणे, लंडन)

रोख भरपाई बहुतेक नाही. जेवण, हॉटेल, पैसे परत, हे वेगळे.

भारतात: विमानाच्या प्रवासाच्या कालावधीप्रमाणे २, ३ किंवा ४ तासांहून जास्त उशीर झाला की खाणेपिणे. ६ तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा तिकिटाचे पैसे परत. २४ तासांहून जास्त, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ मधल्या उड्डाणाला ६ तासांहून जास्त उशीर असेल तर हॉटेल. न कळवता उड्डाण रद्द केल्याची भरपाई ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत आहे, पण कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण परिस्थितीत तिला यातून सूट आहे, आणि दुसऱ्याच्या विमानाची आग त्यात मोडते. तरी पैसे परत किंवा दुसरे विमान यांतला पर्याय काउंटरवर लगेच मागा.

ब्रिटन आणि युरोपात: असाधारण कारण असले तर ठरावीक रक्कम मिळत नाही, पण जेवण आणि हॉटेलची जबाबदारी कंपनीवर कायम राहते. धावपट्टीवर इंधन सांडून ती बंद झाली तर ते असाधारण कारण, असे युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. स्वतःच्या विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र असाधारण धरत नाहीत. म्हणजे आग तुमच्याच विमानाच्या बिघाडातून लागली असेल तर दावा जरूर करा.

दोन्हीकडे एक काम त्याच दिवशी करा: उशिराचे कारण कंपनीकडून लेखी घ्या. ‘ऑपरेशनल’ एवढाच शब्द लिहून दिला तर नेमके कारण लिहायला सांगा. प्रवास विम्याचा दावा त्या कागदावर अडतो. जेवणाची आणि टॅक्सीची बिले, बोर्डिंग पासचा खालचा तुकडा आणि फलकावरील बदललेल्या वेळांचे फोटो जपून ठेवा. भारतातली तक्रार आधी कंपनीकडे, उत्तर समाधानकारक नसेल तर एअरसेवा पोर्टलवर.